सोरोरिटीची वर्गणी: सही करण्याआधी मांडायचा हिशेब

जुलै महिना होता. डॉर्मसाठी, म्हणजे कॉलेजच्या हॉस्टेलसाठी, चादरी, उशा, बाथरूमच्या चपला अशी खरेदी चालली होती. बिलाच्या रांगेत उभी असतानाच मुलगी म्हणाली, "आई, रशसाठी नाव घालतेय. फी परत मिळत नाही, पण तशी कमी आहे." रश म्हणजे सोरोरिटीत, कॉलेजातल्या मुलींच्या मंडळात, जायची निवड. 'तशी कमी' हे शब्द मी ऐकले आणि सोडून दिले. वर्षभरात आमच्या घरी एक एक्सेलची फाइल तयार झाली आणि तिच्या ओळी वाढतच गेल्या. ती फाइल समोर ठेवून हे लिहिते आहे. यंदा ज्यांची मुलं अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला जाताहेत, इथेच वाढलेली असोत किंवा पुण्या-नाशिकहून थेट आलेली, त्यांच्या उपयोगी पडेल.

आपल्याला हे प्रकरण समजायला 'वर्गणी' हा एक शब्द पुरतो. मंडळात गेलं की वर्गणी आली, टी-शर्ट आला, कार्यक्रमाला राबणं आलं. फरक असा की इथल्या बऱ्याच मंडळांचा स्वतःचा वाडा असतो आणि त्या वाड्याचा खर्च सभासदांच्या खिशातून निघतो.

पहिली पायरी: नक्की कशात जायचंय ते ठरवा

सोरोरिटी मुलींची, फ्रॅटर्निटी मुलांची. नावं ग्रीक अक्षरांवरून, म्हणून सगळ्याला मिळून 'ग्रीक लाइफ' म्हणतात. पण ग्रीक अक्षरं दिसली की सगळं एकच, असं समजू नका. पैशांच्या दृष्टीने ही चार वेगवेगळी दुकानं आहेत.

सिनेमात दिसतात त्या, खांबांच्या पांढऱ्या बंगल्यातल्या सोरोरिटी बहुतेक नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्सच्या असतात. ही शिखरसंस्था १९०२ सालची, तिच्यात पंचवीसेक सोरोरिटी आहेत. सगळ्यात महाग प्रकार हाच, आणि पुढचं बरंचसं लिखाण त्याबद्दलच आहे.

दुसरा प्रकार कृष्णवर्णीयांनी उभारलेल्या नऊ संघटनांचा, ज्यांना 'डिव्हाइन नाइन' म्हणतात. त्यांची परिषद १९३० साली हॉवर्ड विद्यापीठात स्थापन झाली. तिथे प्रवेशाची पद्धत वेगळी, आणि बराचसा खर्च सुरुवातीलाच एकरकमी भरावा लागतो.

तिसरा प्रकार आपल्या मुलांना जवळचा: दक्षिण आशियाई संघटना. डेल्टा फाय बीटा ही सोरोरिटी १९९२ साली बर्कलीत निघाली. ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात १९९४ साली डेल्टा एप्सिलॉन साय ही फ्रॅटर्निटी आणि १९९८ साली कॅपा फाय गॅमा ही सोरोरिटी सुरू झाली. सिग्मा बीटा रो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातली, १९९६ ची. यांना बहुतेक ठिकाणी स्वतःचं घर नसतं, म्हणून वर्गणी बरीच कमी, सहसा सत्राला काहीशे डॉलरच्या घरात. माझा भाचा अशाच एका संघटनेत आहे. त्याचं वर्षभराचं बिल माझ्या मुलीच्या एका सत्राच्या बिलाहून कमी आलं.

चौथा प्रकार व्यावसायिक आणि सेवाभावी: इंजिनियरांची थीटा टाऊ, वाणिज्यवाल्यांची अल्फा कॅपा साय, समाजसेवेची अल्फा फाय ओमेगा. मुलगे-मुली एकत्र, घर सहसा नाही, वर्गणी माफक. ज्याला 'ओळखी व्हाव्यात, रेझ्युमेवर काहीतरी यावं' एवढंच हवंय त्याने आधी इकडे बघावं, असं माझं स्पष्ट मत.

एमएस करायला येणाऱ्यांसाठी एक सूचना. सोरोरिटी-फ्रॅटर्निटी मुख्यतः पदवीच्या मुलांच्या आहेत, तुम्हाला रशमध्ये कोणी घेणार नाही. पण दुसऱ्या सत्रात ग्रीक अक्षरांच्या नावाने 'आपली निवड झाली आहे, अमुक डॉलर भरा' अशी ईमेल येते. ती असते ऑनर सोसायटी, म्हणजे गुणवंतांची संस्था. टाऊ बीटा पाय (१८८५) किंवा फाय कॅपा फाय (१८९७) यांच्यासारख्या काही खरोखर जुन्या आणि मानाच्या आहेत. बाकीच्यांबद्दल आपल्या विभागातल्या प्राध्यापकांना विचारल्याशिवाय कार्ड काढू नका.

दुसरी पायरी: नोंदणी आणि रशचा आठवडा

रश म्हणजे निवडीचा आठवडा. दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांत तो ऑगस्टमध्ये, वर्ग सुरू होण्याआधी असतो. काही कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रापर्यंत रश करूच देत नाहीत, आणि मला ती पद्धत शहाणपणाची वाटते: तोवर मुलीला अभ्यास झेपतोय का, हे तरी कळलेलं असतं.

नोंदणीची फी ठिकाणानुसार बदलते. कुठे पन्नास-साठ डॉलर, तर अलाबामा विद्यापीठासारख्या ठिकाणी ती काहीशे डॉलरवर गेलेली आहे. तिथे दर ऑगस्टला अडीच हजारांच्या आसपास मुली उभ्या राहतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टिकटॉकवर हे प्रकरण गाजलं आणि त्या आठवड्यात कोणी काय घातलंय, याची चर्चा देशभर झाली. तेव्हापासून कपड्यांचा खर्च आणखी चढला. चार फेऱ्या, प्रत्येक फेरीचा वेगळा थाट: पहिल्या दिवशी बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना एकच टी-शर्ट, शेवटच्या 'प्रेफरन्स' फेरीला लग्नाला जावं तसा पोशाख. आमच्याकडे मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीचे दोन ड्रेस उसने आणले, कोणालाही कळलं नाही.

दहावीच्या क्लासवाल्यांसारखे इथे रशचेही क्लासवाले निघालेत. मुलीने काय बोलावं, कोणते फोटो टाकावेत, हे शिकवायचे हजारो डॉलर घेणारे सल्लागार आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका. पूर्वी 'आई किंवा आजी याच सोरोरिटीत होती' याला मोठं वजन होतं आणि आपल्या घरात अशी आजी कुठून आणायची! २०२० नंतर बऱ्याच राष्ट्रीय सोरोरिटींनी ही वारसाची सवलत औपचारिकपणे काढून टाकली आहे. तेवढी तरी वाट मोकळी झाली.

तिसरी पायरी: बिल ओळीओळीने वाचा

निवड झाली की 'बिड' मिळते, म्हणजे आमंत्रण. मग पहिलं बिल येतं आणि तिथे बहुतेक आईवडील दचकतात, कारण पहिलं सत्र सगळ्यात जड असतं. त्यातल्या ओळी साधारण अशा असतात.

नव्या सभासदाची फी आणि दीक्षाविधीची, म्हणजे पक्की सभासद करून घेण्याच्या समारंभाची, फी या दोन एकदाच भरायच्या. त्या बहुधा राष्ट्रीय कार्यालयाकडे जातात. बॅज म्हणजे छातीवर लावायची पिन: साधी पन्नास-शंभर डॉलरमध्ये मिळते, मोती-खडे जडवलेली शेकड्यात जाते. साधीच घ्या. ती रोज लावायची वस्तू नाही, आणि अनेक सोरोरिटींच्या नियमांत सभासदत्व सोडल्यावर ती परत करावी लागते. म्हणजे दागिना म्हणून घेतलात तरी तो पूर्णपणे तुमचा नाही.

मग येते शाखेची, म्हणजे त्या कॉलेजातल्या सोरोरिटीची, वर्गणी, दर सत्राला किंवा दर महिन्याला. हिच्यातून कार्यक्रम, सजावट, टी-शर्टांचा काही भाग भागतो. त्याखाली राष्ट्रीय वर्गणी आणि विमा. त्याखाली घराची ओळ, तिच्याकडे पुढे येते.

मुलग्यांच्या बाजूला घराची ओळ हलकी आणि विमा-पार्टीची ओळ जड, असं चित्र दिसतं. कारण समजून घेण्यासारखं आहे. पॅनहेलेनिक सोरोरिटी आपल्या घरात दारू चालू देत नाहीत. त्यामुळे पार्ट्या भरतात फ्रॅटर्निटीच्या घरी, आणि डीजे, पहारेकरी, दायित्व विमा यांचा भार मुलांच्या वर्गणीवर पडतो. दारू पिण्याचं कायदेशीर वय २१, घरात अर्ध्याहून जास्त मुलं त्याखालची, काही अघटित घडलं तर दावा लाखोंचा. विमा कंपन्या हे सगळं ओळखून हप्ता लावतात.

आकडे केवढे? याला एक उत्तर नाही, आणि कोणी एकच सरासरी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. लहान कॉलेजात, घर नसलेल्या शाखेत, सत्राला तीनशे-चारशे डॉलरमध्ये भागतं. अलाबामात घरात न राहणाऱ्या नव्या मुलीला सत्राला चार हजारांच्या आसपास आणि घरात राहणारीला त्याच्या साधारण दुप्पट असे आकडे विद्यापीठातल्या पॅनहेलेनिक संघटनेनेच सांगितलेले आहेत. मोठ्या विद्यापीठांत असा तक्ता बऱ्याचदा जाहीर असतो. त्यात सरासरीकडे बघू नका, सगळ्यात जास्त आकड्याकडे बघा. मुलगी त्या शाखेत जाऊ शकते.

चौथी पायरी: घराचं गणित

माझ्या फाइलमध्ये सगळ्यात जास्त खाडाखोड इथे आहे.

सोरोरिटीचं घर विद्यापीठाचं नसतं असं नाही, पण अनेकदा ते 'हाउस कॉर्पोरेशन' नावाच्या वेगळ्या संस्थेच्या मालकीचं असतं. जुन्या सभासद स्त्रिया ती चालवतात. दक्षिणेत यातल्या काही इमारती कोटभर डॉलरच्या वर गेल्या आहेत. कर्ज, दुरुस्ती, स्वयंपाकी, घर सांभाळणारी 'हाउस मॉम', सगळं सभासदांकडून वसूल होतं. जी मुलगी तिथे राहत नाही तिच्याकडूनही. त्या ओळीला कुठे 'पार्लर फी', कुठे 'फॅसिलिटी फी' म्हणतात. म्हणजे दिवाणखाना वापरायचं भाडं!

आता नियम बघा. पहिल्या वर्षी बहुतेक मुली डॉर्ममध्येच राहतात. दुसऱ्या वर्षी घरात राहायची अनेक शाखांत सक्ती असते, कारण खाटा भरल्या नाहीत तर हप्ता कोण भरणार? पदाधिकारी झाली तर तिसऱ्या वर्षीही. चौथ्या वर्षी मैत्रिणींबरोबर बाहेर फ्लॅट, आणि वर पार्लर फी चालूच.

म्हणून बिलाचा एकूण आकडा बघून घाबरू नका आणि सुखावूही नका. वजाबाकी करा. सोरोरिटीत नसती तर राहण्या-जेवण्याला जे लागलंच असतं ते बाजूला काढा, उरेल तो खरा खर्च. समजा, विद्यापीठाचं डॉर्म आणि मेस मिळून सत्राला ६,५०० डॉलर. सोरोरिटीच्या घरात खोली, जेवण आणि वर्गणी मिळून ७,६००. बिल ७,६०० चं दिसतं, पण जादा पडतात १,१००. याउलट पहिल्या वर्षी डॉर्मचे ६,५०० आहेतच आणि सोरोरिटीचं घरात न राहतानाचं बिल २,८०० आलं, तर ते सगळे २,८०० जादाच. बिल लहान, पण भार अडीच पट. आमच्याकडे हे उलटं लक्षात आलं: दुसऱ्या वर्षाचा मोठा आकडा बघून नवरा वैतागला, आणि मी फाइल उघडून दाखवलं की खरं महाग वर्ष होऊन गेलंय.

जेवण दोनदा विकत घेतलं जात नाही ना, तेही बघा. पहिल्या वर्षाच्या मुलांना विद्यापीठाची मेस अनेक ठिकाणी सक्तीची असते, आणि सोरोरिटीही आठवड्याच्या काही जेवणांचे पैसे लावते. काही विद्यापीठांत ग्रीक सभासदांसाठी मेसची लहान योजना असते. ती आहे का आणि मुदत कधीची, हे मेसच्या कार्यालयात विचारा. आम्हाला हे ऑक्टोबरात कळलं, मुदत गेल्यावर. कार्यालयातली बाई अतिशय गोड हसली आणि काहीही केलं नाही.

शाकाहारी मुलीसाठी आणखी दोन प्रश्न. स्वयंपाकी रोज शाकाहारी मुख्य पदार्थ करतो की 'सॅलड आहे ना' यावर भागवतो? आणि शनिवार-रविवारी स्वयंपाकघर चालू असतं का? बऱ्याच घरांत शुक्रवारी दुपारनंतर चूल बंद. मग दोन दिवस बाहेरचं खाणं, तो खर्च कुठल्याच तक्त्यात नसतो. मुलीच्या खोलीत इलेक्ट्रिक कुकर ठेवायला अग्निसुरक्षेच्या नियमामुळे परवानगी नव्हती. थालीपीठाच्या भाजणीचा डबा चार महिन्यांनी तसाच परत आला.

पाचवी पायरी: बिलाबाहेरचं

'बिग-लिटिल' नावाचा प्रकार आहे. प्रत्येक नव्या मुलीला एक ताई मिळते, आणि ताई कोण हे उघड होईपर्यंत आठवडाभर तिच्याकडून भेटींच्या टोपल्या येतात. गोड आहे. पुढच्या वर्षी आपली मुलगी ताई होते आणि टोपल्या तिच्या खर्चाने भरायच्या असतात. अनेक शाखांनी यावर मर्यादा घातली आहे. नसेल तर मुलीने स्वतःच आकडा ठरवावा. माझ्या मुलीने पाऊणशे डॉलर ठरवले आणि बऱ्याच वस्तू हाताने रंगवल्या.

टी-शर्ट प्रत्येक कार्यक्रमाचा निराळा. वर्षाला दहा-बारा सहज होतात, घ्यायलाच हवेत असं नसतं, पण सगळ्यांनी घातल्यावर एकटीने न घालणं अठराव्या वर्षी कठीण. फॉर्मल म्हणजे वार्षिक नृत्यसमारंभ, तिथे कपडे, तिकीट, कधी दुसऱ्या गावी हॉटेल. सामाजिक कामासाठी निधी जमवायचा असतो. जमला नाही की बरेच आईबाप गुपचूप स्वतःच भरतात, मीही भरला. आणि दंड. सक्तीची बैठक चुकली की दंड, कार्यक्रमाला नाव देऊन गेलं नाही की दंड. प्रयोगशाळेची सत्रं असणाऱ्या मुलींनी वेळापत्रक आधीच लेखी कळवावं, परीक्षा आणि वर्ग हे कारण बहुतेक ठिकाणी चालतं.

एक खर्च मात्र हौस म्हणून सोडून द्यायचा नाही. नव्या मुलांना ज्येष्ठांसाठी जेवण आणायला, सामान भरायला, गाडीत पेट्रोल टाकायला लावणं हा रॅगिंगचाच प्रकार आहे, इथे त्याला 'हेझिंग' म्हणतात. डिसेंबर २०२४ मध्ये 'स्टॉप कॅम्पस हेझिंग अ‍ॅक्ट' हा केंद्रीय कायदा झाला. त्याखाली दोषी ठरलेल्या संघटनांचा अहवाल कॉलेजांना जाहीर करावा लागतो. बिड स्वीकारण्याआधी त्या अहवालात शाखेचं नाव आहे का बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

सहावी पायरी: सही

दोन सह्या असतात आणि दोन्ही मुलगी स्वतःच करते, कारण ती अठरा वर्षांची असते.

पहिली शेवटच्या फेरीनंतर लगेच. पॅनहेलेनिक रशमध्ये मुलगी पसंतीक्रम लावते आणि बंधनकारक करार करते: ज्यांची नावं लिहिली त्यांच्यातल्या एखादीची बिड आली आणि नाकारली, तर त्या कॉलेजात पुढच्या वर्षीच्या मुख्य रशपर्यंत दुसऱ्या कुठल्याही पॅनहेलेनिक सोरोरिटीत जाता येत नाही. म्हणून परवडत नाही अशा शाखेचं नाव यादीत लिहायचंच नाही. फेऱ्यांमध्ये पैशांबद्दल विचारणं अजिबात असभ्य नाही. मुलीला पाठ करून पाठवा: पहिल्या सत्राचं एकूण किती, घरात राहण्याची सक्ती किती वर्षं, न राहिल्यास दर सत्राला किती. जिथे या तीन प्रश्नांना सरळ आकडे मिळत नाहीत तिथून पुढे जावं. रशमध्ये जागा नाही मिळाली तर सगळं संपत नाही. ज्या शाखांत जागा उरतात त्या नंतर सत्रभर मुली घेतात, आणि तिथे बाहुलीसारखं सजून उभं राहावं लागत नाही.

दुसरी सही घराच्या कराराची, अनेकदा एक वर्ष आधी. हा चक्क भाडेकरार आहे. परदेशात एक सत्र शिकायला गेली, इंटर्नशिप लागली, सोरोरिटी सोडली, तर काय, ती कलमं स्वतः वाचा.

सातवी पायरी: पैसे कुठून

बहुतेक शाखा महिन्याचे हप्ते देतात, बिलं ओमेगाफायसारख्या सेवेतून येतात. कार्डाने भरल्यास वर शुल्क लागतं का ते पाहून बँकेतून थेट भरा. राष्ट्रीय सोरोरिटींच्या प्रतिष्ठानांच्या शिष्यवृत्त्या असतात, पण त्या सहसा आधीच सभासद असलेल्यांना मिळतात, पहिल्या सत्राच्या भरवशावर धरू नका.

५२९ खात्यातून, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून, वर्गणी भरता येत नाही. राहण्या-जेवणाचा भाग मात्र, मुलगी किमान अर्धवेळ विद्यार्थिनी असेल तर, कॉलेजने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत चालतो. त्यासाठी बिलात दोन्ही रकमा वेगळ्या लिहून घ्या. वर्गणीवर करसवलतही नाही.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलांसाठी: सत्र चालू असताना कॅम्पसवरच, आठवड्याला २० तास एवढंच काम करता येतं. 'नोकरी करून वर्गणी भरेन' या वाक्याला तेवढीच मर्यादा आहे. भारतातून पैसे पाठवणाऱ्यांनी रुपयांत गुणाकार करून एकदा मोठ्याने वाचावा.

सोडायचं झालं तर

दीक्षेआधी सोडलं तर नुकसान कमी: भरलेली फी जाते आणि बाकीच्या पॅनहेलेनिक सोरोरिटींची दारं त्या कॉलेजात पुढच्या मुख्य रशपर्यंत बंद. दीक्षेनंतर सोडलं तर दुसऱ्या पॅनहेलेनिक सोरोरिटीत कधीच जाता येत नाही, कॉलेज बदललं तरी. त्यामुळे मन डळमळत असेल तर दीक्षेची तारीख हीच शेवटची तारीख समजा.

पैशांची ओढाताण असेल तर सोडण्याआधी शाखेच्या खजिनदार मुलीला आणि तिच्यावरच्या सल्लागार बाईंना भेटायला सांगा. हप्ते लांबवणं, काही काळ वर्गणी थांबवणं, असे मार्ग अनेकदा असतात, फक्त ते कोणी आपणहून सांगत नाही. आणि नुसतं जाणं बंद करू नका. थकबाकी वसुली एजन्सीकडे जाऊ शकते आणि मुलीच्या क्रेडिटवर डाग पडतो. राजीनामा लेखी द्या, बिल ज्या तारखेला निघतं त्याच्या आधी, बॅज परत केल्याची पोच घ्या आणि शिल्लक शून्य असल्याची ईमेल जपून ठेवा.